उभं राहायचं काम

२ मे

जिंकले! सुट्टीत घरी जायचं नाही म्हणजे नाही. कॉलेजच्या मैदानावर गोळाफेकीचा सराव चालू राहणार आणि खोलीचं भाडं माझं मी भरणार. बाबा फोनवर म्हणाले, चार दिवसांत रडत परत येशील. म्हटलं, बघूच.

काम ऐकून मैत्रीण खो खो हसली. शिवणकामाच्या दुकानात नुसतं उभं राहायचं! कच्ची शिलाई घातलेला कपडा अंगावर चढवायचा आणि टाचण्या लावून होईपर्यंत हलायचं नाही. याआधी पुस्तकांच्या दुकानात, बेकरीत, आइस्क्रीमवाल्याकडे, सगळीकडे नन्नाचा पाढा ऐकून झाला होता. त्यामुळे नखरे न करता हो म्हणून टाकलं.

दुकान छान आहे. लांबलचक कापायचं टेबल, खिडकीशी दोन मशिनी, कोपऱ्यात कपडे बदलायची इवलीशी खोली. मालकीणबाई हळू आवाजात बोलतात. काज-बटणं करणाऱ्या एक मावशी आहेत. गंमत म्हणजे बाईंच्या गळ्यात टेप होती, तरी त्यांनी माझं माप घेतलंच नाही. कपडा त्यांच्या मुलीचा आहे, ती इथे नसते आणि तिचं माप त्यांना पाठ आहे म्हणे. माझे खांदे बघून मावशी म्हणाल्या, कापड जास्तच असलेलं बरं, कमी पडलं तर जोड द्यावा लागतो. मीही हसले.

४ मे

ड्रेस निळा, उंच गळ्याचा. आणि मला होतच नाही! दंडात अडकला, पाठीची बटणं लागेनात. म्हटलं, बाई, जरा सैल करा. त्यांनी शांतपणे सांगितलं, या दुकानात एकदा धरलेलं माप बदलत नाही. मग मला कशाला उभं केलंय, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. एक टाचणी दंडात घुसली. बाई साधं सॉरीही म्हणाल्या नाहीत.

७ मे

आज बाही बसली. बाईंचा चेहरा काय खुलला! मीही खूश होते, मैदानावर जाईपर्यंत. गोळा पायाशीच पडला. सरांनी विचारलं, जेवत नाहीस का. अहो, दाबून जेवतेय!

१० मे

चप्पल पायातून निसटते. उभं राहून कुणाचे पाय लहान होतात का?

आईचा फोन आला. मी बोलले तर म्हणाली, कोण बोलतंय, जरा माझ्या मुलीला द्या. मी ओरडले, अगं मीच! मग ती हसली, सर्दी झालीय का म्हणाली. सर्दी झालेली नाही.

११ मे

बाई बाहेर गेल्यावर मावशींना गाठलं. त्या मान वर न करता, काज करता करताच बोलल्या. मुलगी परगावी नाही. वारली, तापाने. ड्रेस तेव्हापासून अर्धा पडलाय. अंग गेलं, माप राहिलं, म्हणाल्या. मला आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं, तर म्हणाल्या, त्या पोरीला मीही अंगाखांद्यावर खेळवलंय.

अस्सा संताप आला! खड्ड्यात गेलं काम. उद्यापासून जाणार नाही.

१३ मे

गेले नाही. काही उपयोग नाही. दुपारी खांद्यात टोचलं, मग पाठीत. ड्रेस दुकानातल्या लाकडी पुतळ्यावर चढवून बाई शिवतायत — कुठला टाका कुठे पडतोय, मला इथे कळतंय. आरशात पाहिलं. ही बारीक मान माझी नाही.

घरी पळू? तिथेही टोचेल. आणि आई दार उघडून विचारेल, कोण पाहिजे.

रडले, खोटं कशाला बोलू. पण हे खांदे मी घाम गाळून कमावलेत. कुणाला फुकट द्यायला नाहीत. उद्या जाते आणि उसवते तो ड्रेस.

१४ मे

भर दुपारी, सगळ्यांसमोर, पुतळ्यावरून ड्रेस ओढला. कपडे बदलायच्या खोलीत आलेय, आतून कडी घातलीय. दोरे कापायची कात्री आहे. मधे मधे लिहितेय, नाहीतर मी कोण ते निसटतं.

डावी बाही उसवली. दंड फाटल्यासारखा दुखला — पण भरला! माझा दंड!

उजवी बाही. पाठ.

बाई दार बडवतायत. आधी रागावल्या, आता रडतायत. गळा तेवढा राहू दे म्हणतात. रडा खुशाल! मलाही आई आहे.

गळाच उरलाय. दोरा दुहेरी. घसा आवळतोय — निघत कसा नाही, काढणारच —

रडणं ऐकवत नाही. किती रडते ती. तापातसुद्धा अशीच उशाशी —

नाही. मी गोळा फेकते. मी — कात्री कुठे — हातातच आहे. गळा उसवायचा. मी उसव—

दार नको ना गं वाजवूस. आले. आई, थांब, एवढं गळ्याचं एक बटण लावून