कव्हर फाटलेला सेल

९ सप्टेंबर, मंगळवार

आजही तेच! सकाळी चार्जरवर हिरवा दिवा बघून सेल काढला, व्हेपमध्ये (ई-सिगरेटच ती) घातला, दोन झुरके मारले, व्हेप गराजमध्ये रंगाच्या डब्यांमागे लपवला आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर तीन झुरक्यांत लाल दिवा. दुसरा सेल घातला, त्याचीही तीच गत.

दिवसभर मीटिंगा, मग हायवेवर पाऊण तास रांगत घरी यायचं, आणि आल्यावर हक्काची पाच मिनिटं. तीही मिळत नाहीत.

आधी वाटलं बाबांचे उद्योग. सासऱ्यांना नागपूरहून इथे अमेरिकेत येऊन तीन महिने झाले. छत्तीस वर्षं वीज मंडळात इंजिनिअर होते, अजून ड्युटीवरच आहेत. दिसेल तो प्लग उपटतात. परवा राउटर उपटला, माझा कॉल चालू असताना. "करंट वाया जाऊन राहिला होता." पण हिरवा दिवा मी स्वतः पाहिला, त्यामुळे हे पाप त्यांच्या माथी मारता येत नाही. वाईट वाटलं. सेलच म्हातारे झाले असणार, दोन वर्षं झाली त्यांना.

११ सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसमधून लवकर निघून देवांगभाईंच्या व्हेपच्या दुकानात गेले. आमच्या मॉरिसव्हिलमधलं ओळखीचं कोणी तिथे येत नाही, म्हणून ते बरं. दोन्ही सेल काउंटरवर ठेवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि एक बाजूला सारला.

"दीदी, ये फेंक दो. आज ही."

वरच्या टोकाला प्लॅस्टिकचं कव्हर फाटलंय, आतलं पोलाद दिसतंय. मला कधी दिसलं नव्हतं. म्हणाले, लवकर उतरायला लागला, चार्ज करताना तापला, किंवा कव्हर फाटलं, की सेलची गोष्ट संपली. आणि फाटलेला सेल खिशात चाव्यांबरोबर गेला तर आगच. मग साइझचं पुराण. माझ्याकडचा एटीन सिक्स-फिफ्टी, म्हणजे अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट लांब. हल्ली लोक ट्वेंटी-वन सेव्हन-हंड्रेड घेतात, एकवीस जाड, सत्तर लांब. जास्त चालतो, पण जुन्या व्हेपमध्ये बसत नाही, व्हेपही नवा घ्यावा लागतो. मला लगेच ठरवता येईना. जुन्याच साइझचा एक नवा सेल घेतला.

दुसरा नुसताच थकलेला, तो त्यांच्या जुन्या सेलच्या डब्यात टाकला. फाटका मात्र टाकवेना. तो दुसऱ्यापेक्षा बराच बरा चालायचा. राहू दे, अडीअडचणीला.

१३ सप्टेंबर, शनिवार

नवा सेलसुद्धा संध्याकाळी मेलेला! काल तेच, आज तेच.

दुकानात फोन करून देवांगभाईंना फाडफाड बोलले. नकली माल विकता, बायका बघून गंडवता, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दीदी, सेल तो नया है. घर में और कौन पीता है?"

फोन आपटला. फाजील माणूस.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी



आज आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, पान. मिहीरने सुट्टी घेतली होती. आईंना जाऊन चार वर्षं झाली. फुफ्फुसाचा कॅन्सर. जन्मात सिगरेट ओढली नाही बाईंनी. ओढायचे बाबा, बंद खोलीत, दिवसाला पाकीट. तेराव्याला मिहीर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "यापुढे माझ्या घरात ज्याच्या हातात धूर दिसेल तो बाहेर. मग कोणीही असो." बाबांनी तिथेच शपथ घेतली. आत येऊन मीही घेतली, कारण माझ्या ऑफिसातल्या सिगरेटी त्याला ठाऊक होत्या. सिगरेट खरंच सोडली मी. व्हेपचं त्याला माहीत नाही. कळलं तर तो मला सोडेल, ही धमकी नाही, मला माहितेय.

पान वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी. बाबांचा पत्ता नाही. बोलवायला गराजमध्ये गेले तर पुदिन्याचा ढग! ढगात बाबा. हातात माझा व्हेप.

लाजतील, गडबडतील असं वाटलं होतं. छे! धूर सोडला, सावकाश.

"काय पाहून राहिली? तुझाच आहे."

"आज? आईंचं पान वाढलंय आत, आणि तुम्ही आज—"

"इथे ना पानठेला, ना पायी जायला रस्ता. माणसाने करावं काय?"

"मिहीरला सांगते मी."

"सांग. मग मीबी सांगतो."

दोघंही आत जाऊन जेवायला बसलो. मिहीर म्हणाला, "बाबा, वडे आईसारखे झालेत ना?" बाबांनी मान डोलावली आणि दोन जास्तीचे घेतले.

१७ सप्टेंबर, बुधवार

तेरी भी चुप, मेरी भी चुप. चोर तो चोर, वर शिरजोर.

२१ सप्टेंबर, रविवार

मिहीर आज जेवणानंतर लॅपटॉप घेऊन बसला. बाबांच्या ग्रीन कार्डचा फॉर्म. मला विचारलं नाही, सांगितलं. डिसेंबरात परत जायचे होते ते आता कायमचे इथे. वरची खोली त्यांची, माझं घरचं ऑफिस खाली जेवणाच्या टेबलावर.

"नागपूरला एकटे काय करतील, सावनी? आईनंतर मी त्यांच्याशी नीट बोललोही नाही. आता बोलतोय."

बाबा सोफ्यावर. म्हणाले, "सूनबाई माझं सगळं पाहते. तिच्या भरवशावर तर राहतो." आणि माझ्याकडे बघून हसले. असा संताप आला की हातातलं ताट त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. जन्मभर हा माणूस माझा व्हेप ओढणार, माझं लिक्विड संपवणार, आणि मी तोंड दाबून बसणार.

मला ते इथे नको आहेत. लिहून टाकते एकदा. नको आहेत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

साइझ ठरली! मोठी. देवांगभाईंची माफी मागितली (हसले मेले) आणि ट्वेंटी-वन सेव्हन-हंड्रेडवाला व्हेप घेतला, दोन सेलसकट. हा गराजमध्ये राहणार नाही, माझ्या ऑफिसच्या बॅगेत राहील. आणि मोठा सेल म्हाताऱ्याच्या हाती लागला तरी जुन्या व्हेपमध्ये शिरणार नाही. साइझ निवडायचं याहून चांगलं कारण मला नको.

जुना व्हेप रंगाच्या डब्यांमागे होता तिथेच ठेवला. त्यातला चांगला सेल काढून घेतला. मला त्याचा काही उपयोग नाही, तरी घेतला. फाटका तेवढा ठेवला. ओढा.

देवांगभाई काय म्हणाले होते ते आठवत होतं. पण इंजिनिअर आहेत ना? दुसऱ्याचे प्लग उपटतात ना? त्यांना कळायला हवं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

म्हाताऱ्याने फाटक्या सेलला टेप मारली! काळी, वायरींना मारतात ती. गराजमध्ये मला दाखवलीसुद्धा, प्रदर्शनात मांडल्यासारखी.

मी म्हटलं, "टाकून द्यायचा असतो तो."

"टाकाल तुम्ही लोक. मंडळात आम्ही पूर्ण सबस्टेशन टेपवर चालवलं. टेप मारली की झालं."

टेपचं टोक आत्ताच सुटायला लागलंय. आणि हल्ली ओढून झालं की सेल काढून पँटच्या खिशात ठेवतात. मी चांगला पळवला तसा हाही पळवीन, ही भीती. त्याच खिशात घराच्या चाव्या असतात. चालताना वाजतात.

सांगणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात म्हणाले, "फॉर्मवर तुझीबी सही लागते का गं?" आणि मी आत निघून गेले.

३० सप्टेंबर, मंगळवार

दुपारी साडेतीनला शाळेतून फोन आला. बाबा माझ्या लेकीला, अनयाला, आणायला स्कूल बसच्या स्टॉपवर उभे होते. खिशातून आधी शिट्टीसारखा आवाज झाला, मग ज्वाळा. शेजारच्या बाईने गवतावर लोळवलं त्यांना, पँट कापून काढली. उजवी मांडी भाजली आहे, हाताची बोटंही. बसची दारं उघडली तेव्हा अनया समोरच होती. नऊ वर्षांची पोर. गाडीत एकच वाक्य सारखं. "आई, ही वॉज ऑन फायर. आजोबा वॉज ऑन फायर."

इमर्जन्सीत डॉक्टर म्हणाले, त्वचा लावावी लागेल. बाबा ओरडत नव्हते. दात आवळून पडले होते.

मी हे केलंय. चाव्या वाजताना ऐकल्या होत्या मी.

१ ऑक्टोबर, बुधवार

हॉस्पिटलने बाबांचे कपडे पिशवीत घालून दिले. दुसऱ्या खिशात व्हेप होता, तो मिहीरला मिळाला. घरी येऊन त्याने तो टेबलावर ठेवला आणि तासभर त्याकडे बघत बसला.  मग म्हणाला, उद्या विचारतो बाबांना.

बाबांना गाडी चालवता येत नाही, ऑनलाइन काही मागवता येत नाही. हे आलं कुठून, हे कोणीही विचारेल. आणि ते माझं नाव घेणार. धमकी दिलीच होती. त्यांच्या जागी मी असते तर घेतलं असतं, आनंदाने घेतलं असतं.

रात्री अनयाच्या खोलीत झोपतेय.

२ ऑक्टोबर, गुरुवार

मिहीरने विचारलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

बाबा म्हणाले, "माझा आहे. येताना नागपूरहून आणला."

"तिकडे व्हेपवर बंदी आहे, बाबा."

"बंदी आहे म्हणून मिळत नाही का?"

"सावनीला माहीत होतं?"

"तिला काय माहीत?"

मिहीर म्हणाला, फॉर्म रद्द. जखम भरली की पहिल्या विमानाने परत. आणि बाहेर गेला, दार आपटून.

मग बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "फाटका मुद्दाम ठेवला होतास. मला दिसलं होतं. टेपची खुमखुमी माझी."

 मी विचारलं, मग माझं नाव का नाही घेतलंत.

"मिहीरची आई मी घालवली. अनयाची नाही घालवत."

कॉरिडॉरमध्ये मिहीर भिंतीला टेकून रडत होता. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. व्हेप माझा होता, हे सांगितलं नाही.