जिन्यावरचा डोंगर

मंगळवार, ११ जून

बसली एकदाची! शाळेच्या जिन्यावरची तिरकी खिडकी आज भरली. रंगीत काचेचा डोंगर, मधली खिंड, खिंडीजवळचं एकटं झाड, खाली हिरवी शेतं. शिशाच्या पट्ट्यांना डाग दादाने दिले, पण चित्र माझं, काचा मी कापल्या. माझं पहिलंच स्वतंत्र काम! दादा मोठ्या बाईंना सांगत होता, "हिच्या हाताची हमी माझी."

पोरांची ही गर्दी. डोंगरापलीकडची शाळा बंद पडली, तिथली पोरं यंदा इथे आणली आहेत. ती आपली भिंतीला टेकून लांबूनच बघत होती.

बुधवार, १२ जून

फोटो काढायला गेले होते. जिन्याच्या वरच्या टप्प्यावर शेजारच्या साध्या खिडकीतून खरा डोंगर दिसतो. झाड खिंडीच्या डावीकडे. माझ्या काचेत — उजवीकडे!

डोंगराची रेघ मी बटर पेपरवर उतरवली होती. खिडकीच्या आराखड्यावर ठेवताना कागद उलटा पडला. पातळ कागद तो, रेघ दोन्हीकडून सारखीच दिसते. पण रोज त्याच डोंगराकडे बघत जाते-येते, तरी कळू नये? डोळे काय गहाण टाकले होते!

काच फिरवून बसवावी, तर खिडकी जिन्याच्या उतारासारखी तिरकी. फिरवली की बसणार नाही.

अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. शुक्रवारी उद्घाटन. गप्प बसावं का?

गुरुवार, १३ जून

नाही राहवलं. दादाला सांगितलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "आधी चहा पी," एवढंच म्हणाला.

मग दोघं मोठ्या बाईंकडे. त्यांनी चष्मा लावून एकदा ही खिडकी पाहिली, एकदा ती. "अहो, हा आपला डोंगरच नाही! पोरं हसतील. उतरवा. उद्घाटनापुरती साधी काच चालेल."

उद्या सकाळी शाळा भरायच्या आत काढायची. माझं जाऊ दे, दादाचा शब्द गेला. खूप रडले.

शुक्रवार, १४ जून

दादाने पटाशीने काच धरून ठेवणारी लांबी उकरायला घेतली. मी काचेला हात लावून उभी. खालची कड सुटली, आणि तेवढ्यात एक आई मुलीला घेऊन जिना चढून आली. पलीकडची.

"अगं, हा तर आपला डोंगर! आपल्या ओट्यावरून अस्साच दिसतो बघ. झाड उजव्या हाताला!"

पोरगी पळत वर आली. मग आईचं लक्ष पटाशीकडे गेलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"काढताय होय? आमच्या बाजूचा आहे म्हणून?"

दादाचा हात थांबला. मोठ्या बाई खालच्या पायरीवर उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

शुक्रवार, संध्याकाळ

त्या आईला खरं ते सांगून टाकलं — कागद उलटा पडला म्हणून. "मग पडू दे की!" म्हणाली.

लांबी परत भरली. डबा मोठ्या बाईंनी धरला होता.