धाकटीची यादी, आईचा अंगठा

ता. ११, गुरुवार

चि. धाकटीस आईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, असं पत्रात आधी सांगायचं असतं, म्हणून सांगून टाकते. गुडघे कुरकुरतात, नळ गळतो, तुझा भाऊ घोरतो. मी बोलते आहे आणि त्याची लेक लिहिते आहे. तिला बजावलंय, आजी बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, मध्ये स्वतःचं शहाणपण घालायचं नाही. तिसरीतच माझ्या चुका काढते. आत्यावर गेली आहे.

तू पाठवलेला कागद मिळाला. पोरीने वाचून दाखवला. ‘मी निरक्षर असून, तक्रारीत काय आहे हे न सांगता माझा अंगठा घेण्यात आला.’ खाली अंगठ्यासाठी चौकोनही आखलास. तुझी रेघ लहानपणापासून सरळ. सोमवारी शाळेत तुझी चौकशी आहे, नोकरी राहणार की जाणार ते त्यात ठरणार, म्हणून कागद त्याआधी हवा. समजलं.

जरा दम धर. आधी दुसरं सांगते.

तुझ्या जागी आलेली बाई पाढे छान घेते म्हणे. तू वर्गात लावलेली यादी तिने काढली. ‘कृष्णवर्णीय लेखकांची गोष्टींची पुस्तकं, नक्की वाचा.’ चौदाच्या चौदा पुस्तकं कपाटात गेली, कपाटाला कुलूप, किल्ली मोठ्या सरांच्या खिशात. गोष्टींना एवढा बंदोबस्त मी या वयात प्रथम पाहिला.

आता ते. लिही गं, थांबू नकोस.

यादीतलं पहिलं पुस्तक पोरीने घरी आणलं होतं. आजोबांबरोबर सायकली दुरुस्त करणाऱ्या मुलीचं. मी भाजी निवडत होते, ती वाचत होती. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू? मग तिने मागच्या पानावरचा फोटो दाखवला. “आजी, लिहिणारी बघ. माझ्याच रंगाची आहे. आत्याच्या पण.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळी मी नेहमीसारखा पावडरचा डबा उघडला, तर ही मागे सरकली. “नको. त्या बाईने कुठे लावली आहे?”

मी पुस्तक हिसकावलं. पावडर लावलीच, जरा जोरातच. ती रडत शाळेत गेली.

तो डबा तुला आठवत असेल. तुला बारा वर्षं लावली मी. लोकांनी माझ्या लेकीला नावं ठेवू नयेत म्हणून. पण आधी मीच ठेवत होते. मला वाटलं, ही यादी तू मला उत्तर म्हणून लावलीस. चारचौघांत, माझ्याच नातीच्या हातून.

त्याच आठवड्यात शाळेचा कारकून पालकांची तक्रार घेऊन दारात आला. ‘या पुस्तकांमुळे मुलं घरी रडतात, बाईंना काढा.’ धाकटे, त्याने ती मला वाचून दाखवली. मी म्हटलं, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचली. मग मी अंगठा दिला.

सगळे म्हणाले, म्हातारीला फसवलं. तूही हे घर सोडून जाताना म्हणालीस, “आई, तुला काय कळणार त्यातलं? तुझी चूक नाही.” जन्मभर अक्षर येत नाही म्हणून लाजले; तेव्हा तेच पांघरूण घेऊन बसले. ऊब होती त्यात.

मागच्या आठवड्यात डबा फेकून दिला. काल पोर शाळेतून आली, तर गाल पांढरे. खडू घासला होता. “कुणी सांगितलं गं?” विचारलं, तर म्हणाली, “कुणीच नाही.” आत्ता हे पत्रात सांगितलं, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, हेही लिही. लिहिलं तिने.

म्हणून तुझ्या चौकोनात अंगठा देत नाही. कारकुनाने मला फसवलं नाही. त्या बिचाऱ्याचा तर दोनदा वाचून घसा सुकला होता. खरं एवढंच, की माझी नात पुस्तकामुळे रडली नाही, माझ्यामुळे रडली. सोमवारी हे पत्र सगळ्यांसमोर वाच. नोकरी वाचेल का, मला माहीत नाही. तू पुन्हा या घरी येशील का, ते विचारायला तोंड नाही.

पोरीने हे सगळं मला दोनदा वाचून दाखवलं आहे. ऐकून, समजून खाली अंगठा देते.

तुझी आई