सागाच्या फांदीवरचा रानपिंगळा

भुसावळ, १४ जानेवारी २०२५

आदरणीय सपनाअक्कास,
सविनय जय भीम, वि. वि.

फोनवर तू ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. काल पुन्हा यावलच्या जंगलात जाऊन आलो. रानपिंगळा ओरडला, दिसला नाही. वनरक्षक जीवरामभाऊ फांदीकडे बोट दाखवत होते, मला नुसती पानं. काचबिंदूने कडेची नजर गेली ती येणार नाही, उरलेली राखू, असं डॉक्टर म्हणाले. रेल्वेत होतो तोवर वाटायचं, निवृत्त झालो की पोटभर पाखरं बघू. आता थकवा येतो गं. एकदा सोबत येतेस?

आधारभाऊजींना जय भीम. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा,
प्रशील

शिंदखेडा, २१ जानेवारी

चि. प्रशीलस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

पत्र वाचून रडूही आलं नाही, तेवढी ताकद उरली नाही. यांना अर्धांगवायू झाल्यापासून दवाखाना आणि बाजार सोडून मी कुठे गेले नाही. उठवायचं, कुशीवर वळवायचं, भरवायचं. पाठीत चमक भरते. त्यात तुझं पाखरू! जमणार नाही असं लिहायलाच बसले होते, तर हे पलंगावरून अडखळत म्हणाले, ‘जाय व, मी काय पळी जासू?’ स्नेहल धुळ्याहून रजा टाकून बापाजवळ थांबते म्हणाली. तर येते. चढ लागला की मी खाली बसेन, सांगून ठेवते. डोळ्यांतले थेंब चुकवू नकोस.

तुझीच,
अक्का

भुसावळ, ३ फेब्रुवारी

आदरणीय आधारभाऊजी,
सविनय जय भीम, वि. वि.

अक्का गाडीत बसली तसं तुम्हाला लिहायला घेतलं, कारण ती धड सांगायची नाही. वाटेत ती दोनदा बसली. मीच परत फिरू म्हणालो. तेवढ्यात जीवरामभाऊ थबकले आणि अक्काला तो लगेच दिसला. मी दुर्बीण लावली तर पानंच पानं. मग तिने दुर्बीण खाली घेतली, दोन्ही तळव्यांत माझं डोकं धरलं आणि हळूहळू वळवलं. तुम्हाला उशीवर घेताना असंच धरत असेल. थांब म्हणाली. आणि माझ्या उरलेल्या नजरेत तो बसलेला! घुबड असून भर उन्हात, बुटका, राखाडी-तपकिरी, डोक्यावर जवळजवळ ठिपका नाही. त्याने शेपटी झटकली, आमच्याकडे पाहिलं. मी पोटभर पाहिला, भाऊजी.

नंतर दुर्बीण तिला दिली. पक्षी उडाला तरी तिने ती डोळ्यांवरून काढली नाही.

आम्हां दोघांवर लोभ आहेच, तो राहू द्या.
आपला,
प्रशील

शिंदखेडा, ११ फेब्रुवारी

चि. प्रशीलस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, ‘त्याना डोळा कशा व्हतात?’ पिवळेधमक, म्हटलं. आणखी सांगता सांगता खुर्चीतच मला झोप लागली. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि हे ओल्या अंथरुणात तसेच पडून. स्नेहल परत गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. हाक का मारली नाही म्हणून मी चिडले. कपडे बदलताना हळूच म्हणाले, ‘तू झोपेल व्हती ना.’

मग मी रडले बाबा. बऱ्याच दिवसांनी.

जिवाला जप, आमची आठवण ठेव.
तुझी,
अक्का