अम्मच्चीची आंघोळ

पाला, केरळ,
९ ऑगस्ट

प्रिय जान्सी,

येशूची स्तुती असो. आम्ही दोघी मायलेकी बऱ्या आहोत, तूही बरी असशील. तिकडे आयर्लंडात तुझ्या नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्या तुला फार छळत नाहीत ना? परसातले कप्पाचे कंद खणून ठेवलेत, पण सोलून उकडायला कोणाला त्राण आहे? फोनवर तू लगेच "अम्मच्चीला दाखव" म्हणतेस आणि तिच्यासमोर काही बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली आहे. मदर म्हणाल्या, "एली, तुझ्या आईसाठी रविवारपर्यंत धरून ठेवते." तू तर कधीपासून हेच म्हणतेस. सांगते, आधी बाकीचं ऐक.

दिवसभर तिथल्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं. त्या सगळ्यांनाही आम्ही अम्मच्चीच म्हणतो. घरी आलं की आपली अम्मच्ची काठी घेऊन दाराशी उभी. अंगाला हात लावू देत नव्हती. "पोटच्या पोरीपुढे उघडी होऊ? लाज सोडलीस का गं?" एकदा तर चावली. मीही ओरडायची. गोड बोलणं सगळं ड्यूटीवरच संपलेलं असायचं.

मग एक दिवस उशीर झाला आणि कपडे न बदलता, निळ्या युनिफॉर्ममध्येच घरी आले. माझ्याकडे बघून ती चक्क हसली. "या सिस्टर. माझी पोरगी यायच्या आत आंघोळ घाला बघू." आणि लहान मुलासारखे हात वर केले.

मी तशीच घातली.

तेव्हापासून मी घरीही युनिफॉर्म उतरवत नाही. ती शहाण्यासारखी न्हाते, पेज पिते. शेजारच्या खाटेवरची बाई जेवली का, म्हणून विचारते. त्या खाटेवर मी झोपते, जान्सी. आपण आपल्याच घरात आहोत हे तिला आता कळत नाही.

काल पाठ चोळत होते, तर म्हणाली, "तुमचा आश्रम चांगला आहे हो सिस्टर. एली म्हणायची, तुला कध्धी टाकणार नाही. टाकलंच शेवटी. पण ती भेटायला आली तर तिला बोलू नका. फार दमली होती माझी पोर."

वाटलं, युनिफॉर्म ओरबाडून काढावा आणि सांगावं, अगं, मीच एली! पण तिच्या अंगावर कपडा नव्हता. मेल्याहून मेल्यासारखी झाली असती. "नाही बोलणार, अम्मच्ची," म्हटलं आणि पाणी ओतलं.

मी तिला अजून टाकलेलं नाही आणि माफी आधीच मिळाली. मग खाट घ्यायला काय हरकत, असंही मनात आलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? हाडं दमलीत गं माझी. तरी आज मदरना नको म्हणून सांगून आले.

तू सुट्टी काढ आणि ये. मला थोडं झोपायचंय. येताना चॉकलेटं वगैरे काही आणू नकोस, तुझा तिथला युनिफॉर्म तेवढा आण. मुलगी म्हणून आलीस तर ती तुला जवळ येऊ देणार नाही.

घरीदारी ड्यूटीवर असलेली,
तुझी थोरली बहीण, चेच्ची,
एली