फोकसवाल्याचा उजवा डोळा

११ फेब्रु.
आज परत शॉट सॉफ्ट. मॅडमचा चेहरा धूसर, मागची फुलदाणी कडक. फोकस धरणं माझं काम, म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. मॅडम खुणेवर थांबतच नाहीत, ते कोण बघणार? खाली रंगीत पट्टी चिकटवलेली असते, म्हैससुद्धा थांबेल. कॅमेरामन शिंदे काही बोलला नाही. लेन्स पुसायला मी शिकवलंय त्याला, तो काय बोलणार.

१३ फेब्रु.
सकाळी चहा कपाच्या बाहेर. सुलभा म्हणाली, "अहो, कप इकडे आहे." म्हटलं, झोप झाली नाही. उजव्या डोळ्यावर कधीपासून धुकं आहे, ते बायकोला सांगितलेलं नाही. सांगितलं की अख्खं नाहूर चौकशीला हजर.

१५ फेब्रु.
गेलोच शेवटी मुलुंडला. डॉक्टर पोरगेला. आतल्या शिरेत गुठळी. गेलेली नजर बहुतेक परत येणार नाही, म्हणे. वर व्याख्यान: दोन डोळ्यांना जरा वेगवेगळी चित्रं दिसतात, मेंदू त्यातला फरक बघून वस्तू किती लांब ते ठरवतो. इतकी वर्षं मला वाटायचं मी ठरवतो. आता मान हलवून बघा म्हणाला, जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, त्यावरून अंदाज येतो. फी घेऊन मान हलवायला शिकवतात.

१८ फेब्रु.
सेटवर मान हलवली. पक्या म्हणाला, "काय रे, कोंबडा झालास काय?" हसले सगळे. पक्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोकस धरतो, तो छोट्या मॉनिटरवर बघून. त्याला मी कधी फोकसवाला म्हटलंच नाही. टीव्ही बघत गवार मोडणाऱ्या बायका आणि तो, सारखेच. खरा फोकसवाला माणसाकडे बघतो, नजरेने फूट-इंच मोजतो. टेप फक्त रिहर्सलला. आणि आमचा दिग्दर्शक रिहर्सल घेत नाही, वेळ जातो म्हणे. मॅडम दारातून देव्हाऱ्यापर्यंत चालत आल्या. सहा टेक. गेला ना वेळ? पक्याचं सगळं शार्प.

२० फेब्रु.
पक्याने जनरेटरच्या गाडीमागे गाठलं. माझ्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला. "बोटं किती?" कसली बोटं, नुसतं धुकं. शिव्या दिल्या त्याला. ऐकून घेतल्या, मग म्हणाला, "मॉनिटर घे. काच सपाट असते रे. तिथे दोन डोळ्यांचा कुणालाच फायदा नाही. चित्र कडक आहे का एवढंच बघायचं, त्याला एक पुरतो." म्हणजे काण्यालाही जमेल असं काम. हा धीर देतोय की…

२१ फेब्रु.
शिंदे बोलला. सोमवारपासून लग्नाचा सीन. "दादा, मॉनिटर घ्या, नाहीतर मला दुसरा माणूस बघायला लागेल." जमिनीकडे बघून बोलला, भित्रा साला. घरी येईपर्यंत राग होता. मग भीती वाटली. हे सोडून मला दुसरं काय येतं?

२२ फेब्रु.
सुलभाला सगळं सांगितलं, डोळ्याचं आणि पक्या काय म्हणाला तेही. आमचीच मालिका लागली होती. तिला म्हटलं, एक डोळा झाकून बघ, फरक वाटतो? "नाही हो." मग तसंच सुईत दोरा घालायला लावला. हुकली, परत हुकली. हात खाली ठेवून म्हणाली, "मग पक्याभावजींचं खरंच आहे ना." जेवलो नाही.

२३ फेब्रु.
पक्या जुना मॉनिटर ठेवून गेला, चहासुद्धा घेतला नाही. दाराजवळ आहे. भिकार डबा, कोपरा फुटलेला. हात लावला नाही.

पलंगावरून अंदाज घेतला, किती लांब असेल. आठ फूट. मान हलवून परत बघितलं. आठच. सुलभाला टेपचं टोक धरायला लावलं. सात फूट चार इंच.

"आठच इंच तर चुकलं," म्हणाली. आठ इंच आत-बाहेर झालं की पडद्यावर माणसाच्या जागी फुलदाणी दिसते, तिला काय सांगणार. टेप गुंडाळून बॅगेत टाकली. उद्या सेटवर सातचा कॉल. मॉनिटर अजून दाराजवळच.