वाया जाणारी पऱ्हाटी

गुरुजी, तुमचं सरण पेटत नव्हतं तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकते, गोल गोल बोललेलं तुम्हाला कधी चाललं नाही. आता मीही तुमच्यासारखीच शाळेत शिकवते. इंधनाचा धडा आला की तुमचा आवाज डोक्यात सुरू होतो, आणि बाई एकाएकी काऊन चिडल्या म्हणून पोरं एकमेकांकडे पाहतात.

मी सातवीत होते. हैदराबादहून साहेब लोक येणार होते. आमच्या तामसीकडच्या गावांत शेतातला आणि जंगलातला किती काडीकचरा शिल्लक राहतो, त्यातून किती ऊर्जा निघेल, ते पाहायला. आवाज खणखणीत म्हणून तुम्ही मला निवडलंत आणि भाषण पाठ करायला दिलंत. पहिलंच वाक्य होतं, आमच्या गावात पऱ्हाटी वाया जाते. मी ते घरी चुलीपाशी बसून घोकलं. माय भाकर थापत होती आणि चुलीत कापसाच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाटीच जळत होती. ती मधेच म्हणाली, "जोरात म्हन." मी जोरात म्हटलं.

गावची रीत मला माहीत नव्हती, असं तुम्ही तरी म्हणू नका. कापसाची शेवटची वेचणी झाली की बायांनी शेतातली वाळकी झाडं उपटून द्यायची, आणि जिनं उपटली तिची पऱ्हाटी. तुमचं शेत मोकळं व्हायचं, बाईची चूल पावसाळाभर चालायची. माझी माय तुमच्याच शेतात उपटायची. तळहाताची सालं निघायची, तरी भारे डोक्यावर घेऊन गाणं म्हणत घरी यायची. साहेब लोकांना तुम्ही बांधावर उभं करून शेत दाखवलंत. आमच्या वस्तीत, विहाराच्या मागं, घराघराच्या भिंतीला टेकवलेले भारे काही दाखवले नाहीत. मग मी भाषण केलं, टाळ्या पडल्या, साहेब खूश झाले. तुम्ही मला कंपासपेटी दिलीत.

पुढं तुमच्या मेहुण्यानं सडकेला मशीन टाकलं. पऱ्हाटीचा भुसा करायचा, दाबून जाड कांड्या पाडायच्या आणि आदिलाबादकडच्या भट्ट्यांना पाठवायच्या. त्या उन्हाळ्यात माय नेहमीसारखी तुमचं शेत उपटून भारे बांधत बसली होती, तेवढ्यात तुमचा ट्रॅक्टर आला आणि सगळं भरून घेऊन गेला. ती तुमच्या घरी आली. मी तिच्या मागं उभी होते. तुम्ही ओसरीवर चहा पीत होता.

"देशाला ऊर्जा पाहिजे बाई," तुम्ही म्हणालात. "तुले जंगल आहे ना."

जंगल! जंगलात गार्डानं तिची कुऱ्हाड हिसकावली आणि नाक्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर दिवसभर उकिडवं बसवून ठेवलं. दिवेलागणीला रिकाम्या हातानं आली ती, चूल न पेटवता भिंतीला टेकून बसली. त्या बाईचं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही गुरुजी. तेव्हाच ठरवलं, या माणसाचं वाटोळं झालेलं मी डोळ्यांनी पाहीन. ट्रेनिंगला होते तेव्हाही हाच विचार करून मी अभ्यास केला. नोकरीचे पेढे घेऊन तुमच्या ओसरीवर यायचं, आणि साऱ्या गावासमोर तुम्हाला विचारायचं, काय वाया जात होतं हो? तुम्ही तेवढीही सवड दिली नाहीत. त्याआधीच मेलात.

मेलात तेही पावसाच्या ऐन झडीत. तोवर मशीन बंद पडून गंजलं होतं आणि बाया पुन्हा पऱ्हाटी घरी आणत होत्या. तुमच्या सरणाची लाकडं ओली, गोवऱ्या भिजलेल्या. वरून ओतलेलं घासलेट तेवढं भडकायचं आणि विझायचं. आमच्या वस्तीत कधी पाय न ठेवलेला तुमचा मुलगा चिखल तुडवत आमच्या दारात आला. मायची पऱ्हाटी पत्र्याखाली कोरडी ठणठणीत होती. "मावशी, थोडी पऱ्हाटी द्या," तो म्हणाला. मी दारात आडवी झाले. एक काडी मिळणार नाही म्हटलं, कुजू दे तुझ्या बापाला तसाच. जीभ जरासुद्धा अडखळली नाही माझी. तो मान खाली घालून उभा राहिला, आणि मला वाटलं, आत्ता कुठं फिटलं.

मायनं मला हातानं बाजूला केलं. पत्र्याखालचे भारे ओढून त्याच्या पायाशी टाकले.

"ने बापा," ती म्हणाली. "आमच्या गावात पऱ्हाटी वाया जाते."

अगदी तसंच, शाळेतल्या भाषेत, जोरात. त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. त्यानं हात जोडले, माणसं बोलावून भारे नेले. थोड्या वेळानं नाल्यापलीकडे तुमचा जाळ दिसायला लागला. चांगला जळलात.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. हे लिहिलेलं तुमच्या मुलालाही दाखवणार नाही, इथंच ठेवते, त्या कंपासपेटीखाली. माय आता थकली आहे, गॅसवर चहा करते, भाकर मात्र अजून चुलीवरच. त्या दिवशी ते वाक्य म्हणताना तिनं तुमच्या मुलाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. काऊन पाहिलं, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.